व्हिज्युअल आहेत का?

मुंबईच्या असाइनमेंट डेस्कवरून जिल्ह्याच्या टीव्ही रिपोर्टरला फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न "काय झालं?" हा क्वचितच असतो. "व्हिज्युअल आहेत का?" असं विचारतात. माणसं किती गेली, नुकसान किती, गुन्हा कोणावर, हे सगळं नंतर. वर्तमानपत्राचा वार्ताहर रात्री आठपर्यंत तलाठ्याला एक आणि ठाणे अंमलदाराला एक फोन करून बातमी उभी करू शकतो. आमच्याकडे आकडा कितीही मोठा असो, तो ऐकवताना पडद्यावर काहीतरी हलताना दिसायला हवं. गेल्या पंचवीस वर्षांत उरलेल्या महाराष्ट्राला हिंगोली कशी दिसली, ते बऱ्याच अंशी या एका अटीने ठरवलं आहे.

जिल्हा आणि आमचा धंदा तसे एकाच वयाचे. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळी निघाली; हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत टीव्हीचा माणूस असण्याची पद्धत तिने रुजवली. त्याआधी आमच्याकडे टीव्हीच्या बातम्या म्हणजे दूरदर्शन. प्रदीप भिडे यांचा आवाज घरोघरी ओळखीचा होता, पण त्या आवाजात हिंगोलीचं नाव यायला पूर यावा लागे, नाहीतर मुख्यमंत्री. ई टीव्हीचं मुख्यालय हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या अमलातून सुटलेला आमचा मुलूख, आणि पन्नास वर्षांनी आमच्या बातम्या पुन्हा हैदराबादेहून यायला लागल्या. जुनी मंडळी यावर हसायची.

तेव्हाचं काम आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. मिनी डीव्हीची टेप, खांद्यावर कॅमेरा, बातमी हाताने लिहिलेल्या कागदावर, त्यावर कोणत्या मिनिटाला कोणता बाईट आहे त्याची नोंद. टेप आणि कागद एका पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचं आणि पुढच्या गावी आपला माणूस ते उतरवून घेईल अशी आशा धरायची. रेल्वेचा उपयोग नव्हता. अकोला-पूर्णा मार्ग तेव्हा मीटरगेजवर होता, त्याचं रुंदीकरण २००८ पर्यंत चाललं. त्यामुळे सकाळची बातमी उद्या दिसायची, आणि उद्या दिसली तरी ती ताजीच मानली जायची. या संथपणाचा एक फायदा होता. आज खरा, उद्या शिळा असा विषय आम्ही उचलतच नसू. टेप पोहोचेपर्यंत टिकेल असंच शूट करायचो.

मग चोवीस तासांचा जमाना आला. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, पाठोपाठ आणखी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, आता जिल्ह्याला खूप जागा मिळेल. झालं उलटं. चोवीस तास भरायला शंभर जिल्ह्यांच्या बातम्या लागत नाहीत. एक मोठी बातमी आणि तिच्याभोवती बसलेले सहा वक्ते पुरतात. जिल्ह्यांच्या वाट्याला वेगवान बातम्यांचा पट्टा आला. त्यात हिंगोली पाच-सहा सेकंद असते. आणि ते पाच-सहा सेकंद कसे भरायचे, हे सगळ्या वाहिन्यांचं सारखंच ठरलेलं.

पैशांचंही सांगतो, कारण लग्नाच्या बाजारात टीव्हीवर दिसणाऱ्या मुलाबद्दल भलते समज असतात. जिल्ह्यातले बहुतेक टीव्ही पत्रकार नोकर नसतात, स्ट्रिंगर असतात. स्टोरी लागली तर स्टोरीमागे काही शे रुपये. पडली तर पेट्रोल आपलं. नेमणुकीचं पत्र नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ चा, म्हणजे देशात दूरदर्शनही नव्हतं तेव्हाचा. तो वर्तमानपत्रांसाठी होता आणि टीव्हीवाला त्याच्या बाहेरच राहिला. म्हणून कुणाचा फोटो स्टुडिओ आहे, कुणी लग्नाचं शूटिंग करतं, कुणाची विम्याची एजन्सी आहे, कुणाची शेती. दिवाळी आणि १५ ऑगस्टला काही ठिकाणांहून जाहिरातींचं टार्गेटही येतं. ज्या पुढाऱ्याला सोमवारी अवघड प्रश्न विचारायचा, त्याच्याच दारात शुक्रवारी शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. यात कोण किती वाकतो, हे गावाला बरोबर दिसतं.

व्हिज्युअलच्या अटीची खरी परीक्षा पांगरा शिंद्याला झाली. वसमत तालुक्यातल्या या गावात आणि आसपासच्या वापटी, पिंपळदरी अशा गावांत कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. खोल कुठेतरी सुरुंग उडवल्यासारखा एक धडाम, मग थोडी थरथर, मग गावभर कुत्र्यांचं भुंकणं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी येऊन पाहणी केली. बेसाल्टच्या थरात फार खोल नसलेल्या ठिकाणी बारीक हालचाली होतात आणि त्यांच्या लहरी वर येऊन हवेत ऐकू येतात, असा साधारण उलगडा. किल्लारी आम्हाला दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली ते अजून हयात आहेत, त्यामुळे हा उलगडा ऐकून कुणाचं समाधान झालं नाही.

आता ही बातमी टीव्हीवर कशी दाखवायची? आवाज कधी येणार ते माहीत नाही. एक रात्र कॅमेरा चालू ठेवून बसलो. आवाज आला; ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरली. रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं तर एक मंद धप्प, आणि त्यापेक्षा मोठी पत्र्यांची खडखड. बूम माइक माणसाच्या तोंडापुढे धरायला केलेला असतो, जमिनीच्या पोटातलं ऐकायला नाही. चित्रात तर काहीच हललं नव्हतं. डेस्कवरच्या मुलाने फुटेज पाहून विचारलं, "सर, यात आवाज कुठे आहे?" गावकऱ्यांचे बाईट होते, भिंतीच्या भेगा होत्या. पण मातीच्या भिंतीला भेग कुठल्याही गावात असते. मी स्वतःच ती पुरावा म्हणून दाखवायला तयार नव्हतो.

मग दुसऱ्या अंगाने गेलो. आवाजाचा नाद सोडला आणि आवाजामुळे माणसं काय करायला लागली आहेत ते बघत फिरलो. ऐन थंडीत अंगणात बाजा टाकून झोपलेली कुटुंबं. मांडणीवरून खाली उतरवून कोपऱ्यात रचलेली पितळी भांडी. म्हातारी घरात झोपायला तयार नाही म्हणून गोठ्यात लावलेला दिवा. ही चित्रं पाठवली आणि स्टोरी लागली, पूर्ण दीड मिनिट. न दिसणारी गोष्ट दाखवायची तर तिने माणसांच्या सवयीत काय बदललं ते शोधायचं, हे मी तिथे शिकलो. पुढे हळदीच्या भावापासून शाळेतल्या गळतीपर्यंत मला ते कामाला आलं.

खरा भूकंप आला तेव्हा मात्र व्हिज्युअलचा प्रश्न आलाच नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर ४.५ रिश्टरचा धक्का, दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. केंद्र कळमनुरी तालुक्यात, हादरे नांदेड-परभणीपर्यंत. दुकानाच्या सीसीटीव्हीत थरथरणारा पंखा मिळाला, आणि तो पंखा दिवसभर राज्यभर थरथरत राहिला. पांगऱ्याच्या लोकांनी फोन करून विचारलं, "भाऊ, आमचं इतक्या वर्षांचं काहून दिवसभर नाही दाखवलं?" त्यांना काय उत्तर देणार? तुमच्याकडे पंखा नव्हता.

गंमत अशी की याच जिल्ह्यात जगातलं सर्वांत नाजूक हादरे मोजणारं यंत्र उभं राहतं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया. गुरुत्वीय लहरी सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत प्रथम टिपल्या गेल्या, फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल. दोन कृष्णविवरं अब्जावधी वर्षांपूर्वी एकमेकांवर आदळली त्याचा इथल्या माळरानावर उमटणारा ठसा! एवढ्या मोठ्या गोष्टीची माझ्याकडे वर्षानुवर्षं काय व्हिज्युअल होती? कुंपण, पाटी, वाळलेलं गवत, आणि पाटीजवळून जाणारी शेळी. शेळी संपादकाला आवडायची. जमीन गेलेल्यांचे प्रश्न आणि कामाचा रेंगाळलेला वेग या दोन बातम्या होत्या, पण दोन्हींमध्ये दिसत होती ती शेळीच.

राजकारणाला ही अडचण नाही; राजकारण स्वतःच व्हिज्युअल तयार करून देतं. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा कळमनुरीचे आमदार संतोष बांगर उद्धव ठाकरेंच्या बाजूने बोलताना समर्थकांसमोर रडले. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. ते अश्रू आता प्रत्येक वाहिनीच्या लायब्ररीत आहेत आणि हिंगोलीचा कसलाही राजकीय विषय निघाला की बाहेर येतात. उलट १६ मे २०१४ ला मतमोजणीच्या दिवशी राजीव सातव अवघ्या १,६३२ मतांनी निवडून आले, मोदी लाटेत महाराष्ट्रातून काँग्रेसचे जे दोनच खासदार आले त्यांतले एक. माझ्या मते ती या जिल्ह्यातली गेल्या दोन दशकांतली सर्वांत चुरशीची मोजणी. फेरीगणिक आकडे वरखाली होत होते आणि मोजणी केंद्राबाहेर उभ्या माणसांचे चेहरे त्यांच्याबरोबर. पण त्या दिवशी सगळे पडदे दिल्लीकडे वळलेले होते, आणि आम्हाला एक फोनो मिळाला. सातव गेले तेही १६ मे रोजीच, २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. कळमनुरीतल्या अंत्यसंस्कारासाठी मात्र ओबी व्हॅन आल्या.

कॅमेऱ्याला काय लागतं, हे शेतकऱ्यांच्याही ध्यानात आलं आहे. सेनगाव तालुक्यातल्या ताकतोडा गावाने २०१९ मध्ये कर्ज आणि पीकविम्याच्या प्रश्नावर गावच विक्रीला काढल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी अवयव विकत घ्या म्हणून मुख्यमंत्र्यांना निवेदन दिलं. किडनीला इतके, डोळ्यांना इतके, असं चक्क दरपत्रक. देशभर बातमी झाली. काही शहरी मित्रांनी मला विचारलं, "हे सगळं टीव्हीसाठी ना?" हो, टीव्हीसाठीच. सोयाबीन पिवळं पडलं, बँकेने खातं थकीत केलं, विम्याचे पैसे आले नाहीत, ही निवेदनं त्यांनी आधी साध्या कागदावर दिलीच होती. त्या कागदांचे फोटो माझ्याकडे आहेत आणि ती एकही बातमी लागली नव्हती. दिखाऊपणाचा दोष त्यांना देताना, साधा कागद कुणी नाकारला तेही बघावं.

याच संदर्भात गुंज गावाबद्दल लिहायला हवं. ४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर बाया हळद काढणीच्या कामाला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. सात जणी गेल्या. टीव्हीच्या हिशेबात घटनास्थळ नांदेडचं, म्हणून विहीर नांदेडच्या रिपोर्टरकडे. मृत आमच्या जिल्ह्यातल्या, म्हणून गाव आमच्याकडे. विहिरीवर मोटारींनी उपसलं जाणारं पाणी आणि क्रेन होती, त्यामुळे दिवसभर लाईव्ह तिथून चाललं. गावात आम्ही होतो आणि आमच्याकडून हवे होते बाईट. घरातलं माणूस अजून पाण्यात आहे आणि तुम्ही बूम पुढे करून काय विचारणार? माझा एक नियम आहे: प्रेत घरी यायच्या आधी त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कॅमेरा न्यायचा नाही, आणि "तुम्हाला काय वाटतंय" हा प्रश्न तर कधीच विचारायचा नाही. डेस्क चिडतं. दुसऱ्या वाहिनीवर दिसतंय, आपल्याकडे का नाही, म्हणतं. चिडू द्यावं.

पण त्या दिवशी मला दुसरंच काही खात होतं. हळद हा आमच्या जिल्ह्याचा टीव्हीवरचा सर्वांत चमकदार विषय. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा संशोधन केंद्र आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे ढीग लागले की पिवळ्याजर्द ढिगावरून कॅमेरा फिरवला की झालं. यापेक्षा देखणं व्हिज्युअल मराठवाड्यात नाही. भाव वाढला तर ढीग, पडला तर ढीग. ढीग होण्याआधी पाला कापावा लागतो, नांगरलेल्या वाफ्यातून कंद वेचावे लागतात, माती झटकून कांडी आणि गट्टू वेगळे करावे लागतात, कुकरमध्ये शिजवून वाळवावे लागतात. यातलं वेचणीचं सगळं काम बायकांचं. त्या पहाटे भाकरी बांधून ट्रॉलीत उभ्या राहून शेतावर जातात, कारण मुकादमाकडे दुसरं वाहन नसतं आणि एसटी त्या वेळेला नसते. माल वाहायची ट्रॉली, माणसांची नव्हे, हे कायद्यालाही माहीत आहे. हंगामात रोज पहाटे रस्त्यावर दिसणारं हे दृश्य कुणी, कधी, बातमी म्हणून दाखवलं? विहिरीत पडल्यावर दाखवलं.

आता व्हिज्युअल आणायला रिपोर्टर लागतोच असं नाही. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यात कुरुंद्याला अतिवृष्टीने पाणी शिरलं, तेव्हा मी रस्त्यात अडकलेलो असताना गावातल्या पोरांचे व्हिडिओ माझ्या आधी मुंबईत पोहोचले होते. हे चांगलंच आहे. फक्त दर पावसाळ्यात कुठला तरी जुना पूर नव्याने वाहत येतो. म्हणून व्हिडिओ आला की मी पाण्याकडे बघत नाही, कडेला बघतो. दुकानाच्या पाट्या, पुलाचे कठडे, एसटीवरचं आगाराचं नाव, मागे बोलणाऱ्याची बोली. कयाधूचा पूर म्हणून आलेल्या व्हिडिओत मागून कुणी कोल्हापुरी बोलत असेल तर तो पुढे जात नाही. यूट्यूब चॅनेलवाली नवी पोरं मला याबद्दल हसतात. तेवढ्या वेळात त्यांना हजारोंनी व्ह्यूज मिळालेले असतात. पण त्यांच्यातलीच दोघं-तिघं इतकी चिवट आहेत की ग्रामपंचायतीच्या कामांची मोजमाप पुस्तिका मागवून रस्त्यावर टेप लावून दाखवतात. मोठ्या वाहिन्यांना हे सुचलेलं नाही.

छोट्या जिल्ह्यात तुमचं आडनाव तुमच्या बूमच्या आधी पोहोचतं, हेही एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोलीत ओबीसी एल्गार सभा झाली, डिसेंबरात मनोज जरांगे यांची सभा. दोन्हींकडे मला एकच गोष्ट विचारली गेली: गर्दी किती सांगणार? गर्दी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. स्टेजवरून खालच्या कोनात घेतलं तर मैदान भरतं, ड्रोन वर नेला तर कडेची मोकळी जागा दिसते. मी दोन्ही सभा एकाच उंचीवरून घेतल्या आणि आकडा सांगितलाच नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या, सारख्याच मापाने.

शिव्यांवर भागतं तोवर ठीक. एप्रिल २०२० मध्ये एबीपी माझाचे राहुल कुलकर्णी यांना रेल्वेच्या बातमीवरून उस्मानाबादहून अटक झाली, तेव्हा राज्यभरच्या जिल्हा प्रतिनिधींना कळलं की चुकीची किंवा बरोबर, बातमीची किंमत आधी गावातला माणूस मोजतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांना गाडीखाली घालून मारलं गेलं. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्याचा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१९ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कायदा चांगला आहे. अडचण तक्रार लिहितानाच येते. स्ट्रिंगरकडे नेमणूकपत्र नसतं, अधिस्वीकृती पत्रिका थोड्यांकडेच, आणि ठाण्यातला लेखनिक विचारतो, तुम्ही पत्रकार कशावरून?

गुंजच्या घटनेनंतर उरलेल्या काढणीत मी पहाटे वसमत रस्त्यावर एकाच जागी ट्रायपॉड लावून ट्रॉल्या शूट केल्या. किती बाया, किती अंतर, मजुरी काय, परतायला किती वाजतात. एक मुकादम बोलला, दोन शेतमालक बोलले, बाया तर भरपूर बोलल्या. त्यांना टेम्पो ट्रॅव्हलर नको आहे, सकाळी साडेपाचची एसटी हवी आहे. सगळं हार्ड डिस्कवर आहे. येत्या फेब्रुवारीत काढणी सुरू होण्याआधी हे लागावं म्हणून स्क्रिप्ट लिहून, शॉटची यादी जोडून मेल केला. डेस्कवरच्या मुलीने मनापासून वाचला असावा, कारण तिने दोन चांगले प्रश्न विचारले. मग लिहिलं, "सर, स्टोरी छान आहे. सध्या होल्डवर ठेवू, काही घडलं की लगेच चालवू." मी कळवलं की काही घडायच्या आधीच चालवायची आहे, म्हणून तर पाठवली. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत आगारप्रमुखांचा बाईट घेऊन ठेवतो.